एका बोटाचं माप

प्रिय अजी,

नावाने तुम्हाला कधी हाक मारली नाही, आता काय मारायची? घरात म्हणत होते तेच लिहिलं आहे. आपल्याला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मोहाडीच्या पुढे गेलात तर फार तर भंडाऱ्यापर्यंत, आणि संध्याकाळच्या जेवणाला घरी. यावेळी परतायचं नाव नाही, म्हणून लिहायला बसले.

उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. तुमची गाजराची मशीन घेऊन जाणार आहे. तुमच्या दुकानातला पानासुद्धा मी तुम्हाला न विचारता कधी कुणाला दिला नाही, आणि आता एवढी मोठी वस्तू कशी परस्पर देऊ? म्हणून आधी सांगते आहे. आणि दुसरं म्हणजे, आज दुपारी ती मशीन पुसताना मला एक गोष्ट कळली. ती तुम्हाला कळायला हवी होती हो. तुम्ही नाही, तर मी ती घेऊन काय करू?

पण ते शेवटी सांगते. आधी तुमच्याशी थोडं भांडू द्या.

तुमचं वेल्डिंगचं दुकान चांगलं चालत होतं. गेट, खिडकीच्या जाळ्या, ट्रॉलीचे हुक, लोक दारात उभे असायचे. आणि तुम्ही मागच्या अंगणात गाजराचं डोकं उडवायची मशीन बनवत बसलेले! गावाने तुमच्या दुकानाला गाजराच्या न्हाव्याचं दुकान म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. उलट मलाच येऊन सांगितलंत, आणि हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या माणसाशी कुणी भांडावं तरी कसं?

सुरुवात माझ्या बोटाने झाली हे मला ठाऊक आहे. देवाजी काकांच्या नदीकाठच्या शेतात आम्ही बाया हिवाळाभर गाजरं कापायला जायचो. डाव्या हाताचं पहिलं बोट गाजराच्या डोक्यावर आडवं ठेवायचं आणि बोटाच्या वरच्या कडेने विळा ओढायचा. एक बोट देठ राहिला पाहिजे. कमी राहिला तर गाजराचं डोकं सोललं जातं आणि नागपूरला पोचेपर्यंत पोतं सडायला लागतं. जास्त राहिला तर व्यापारी विचारतो, गाजर विकता का पाला? बोट हेच माप, आणि विळा चुकला की चिरतं तेही बोटच. पाल्याच्या रसाने ते चिरलेलं भरतही नाही. हिवाळाभर सुजलेलं, टणक झालेलं बोट घेऊन सगळ्या बाया फिरतात. कुणी त्याचं कौतुक करत नाही.

तुम्ही केलंत. मी भाकर थापताना बोट वर धरून थापते हे तुमच्या ध्यानात आलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणात कोळशाने काहीतरी काढत बसलात. मी विचारलं तर म्हणालात, तुझ्या बोटाला सुट्टी देतो. मला वाटलं दोन दिवसांचं खूळ आहे. किती हिवाळे गेले त्यात!

तुम्ही कधी कागदावर काही काढलं नाही, हा माझा तुमच्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे. जे काय ते अंगणातल्या जमिनीवर, कोळशाने. सणावाराला मी अंगण सारवायला घेतलं की विचारायची, हे पुसू का? तुम्ही म्हणायचे, पूस, आता डोक्यात बसलं. डोक्यात बसलं ते बसलं, आणि ते डोकं घेऊन तुम्ही निघून गेलात. आता ते मी कुठून आणू?

पण मशीन होती खरी. प्रकाश भाऊजींनी राईस मिलमधले झिजलेले रबरी रोल आणून दिले. धानाचं टरफल काढून काढून ते गुळगुळीत झालेले, मिलवाले फेकूनच देतात. तुम्ही दोन रोल शेजारी शेजारी बसवले. ते आतल्या बाजूला फिरायचे आणि पाला ओढून घ्यायचे. पाला जायचा आत, गाजर येऊन लोखंडी पट्टीला अडायचं, आणि पट्टीच्या मागे फिरणारं पातं देठ कापायचं. एवढंच. आमच्या हातांचं काम तिने केलं, आमच्या बोटाच्या जागी पट्टी आली. पहिल्यांदा ते मला समजलं तेव्हा मी तुम्हाला शहाणे म्हणाले होते, आठवतं? त्यानंतर पुन्हा म्हणायचं राहून गेलं.

पट्टी आणि पातं यांच्यामध्ये किती अंतर ठेवायचं, यावर सगळं अडलं होतं. तुमच्याकडे माप घ्यायची स्टीलची फूटपट्टी होती, पण तुम्ही ती वापरायला तयार नव्हता. माझा हात ओढून म्हणालात, "गाजरं बाया कापतेत, मंग माप बाईच्याच बोटाचं पायजे. आन तुयं बोट इकडं." मशीन बंद असताना मी त्या फटीत बोट घालायची आणि तुम्ही बोल्ट आवळायचे. पण मशीन चालली की थरथरून बोल्ट ढिले व्हायचे, अंतर बिघडायचं. पुन्हा बोट, पुन्हा पाना. माझ्याबरोबर गाजरं कापणारी इंदूबाई एकदा म्हणाली की तुझ्या नवऱ्याला तुझा हात धरायचा आहे, मशीन हे निमित्त आहे. मी तिला शिव्या दिल्या आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही लाजलात.

मग मागच्या सालच्या आधीच्या हिवाळ्यात माझं बोट पिकलं. मोहाडीच्या डॉक्टरने चीर देऊन पू काढला. मी रडले नाही, तुम्ही मात्र बाहेर जाऊन उभे राहिलात. घरी आल्यावर म्हणालात, "आता तुले गाजराले हात लावाचा नाही. मशीन येऊन राहिली."

आणि मी ऐकलं! पुढच्या हिवाळ्यात इंदूबाई सकाळी दारावरून हाका मारत जायची आणि मी घरात बसून राहायची. बायांबरोबरच्या गप्पा गेल्या, बकऱ्यांना फुकट मिळणारा पाला गेला. पण बोट भरून आलं. सूज उतरली, टणकपणा गेला, नवीन कातडी आली. तुम्ही चहा पिता पिता ते बोट हातात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, आता हे अंगठीजोगं झालं. अंगठी काही आणली नाहीत. मीही मागितली नाही, कारण मला ते तसं बघणंच पुरत होतं. आता हे लिहायला लाज कुणाची?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला अंगणात बोलावलंत. म्हणालात, बोल्टची कटकट संपवतो, आता कायमचं पक्कं करतो. मी फटीत बोट घातलं. तुम्ही खडूने खूण केलीत, मला लांब उभं केलंत आणि पट्टी वेल्ड करून टाकलीत. गार झाल्यावर पुन्हा बोट घालून बघायला सांगितलंत. बरोबर बसलं. तुम्ही एवढे खूश होतात की त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला पाहुणे येतील तेव्हा चालवून दाखवणार होतात. मंडई आली तेव्हा तुम्ही नव्हता. दुकानातच छातीत कळ आली आणि भंडाऱ्याला नेईपर्यंत संपलं. त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही.

तुमचं तेरावं झाल्यावर मी विळा घेतला आणि इंदूबाईबरोबर शेतात गेले. तुम्ही मना केलं होतं, पण मना करणारा माणूसच गेला, मग मी ऐकायचं कुणाचं? सुरुवातीला कोवळं बोट रोज चिरायचं. मग सुजलं, मग टणक झालं, मग दुखेनासं झालं.

गाजराचा हंगाम भरात आला तेव्हा भाऊजी म्हणाले, दादाची मशीन एकदा शेतात नेऊ. देवाजी काका भला माणूस, लगेच हो म्हणाले. मशीन ट्रॉलीतून नेली. सगळ्या बाया काम सोडून बघायला आल्या. भाऊजींनी मोटार चालू केली, पहिलं गाजर लावलं आणि पाला सप्‌कन आत गेला. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी तुमच्या वतीने हसले.

मग गाजर हातात घेतलं. डोकं सोललेलं. दुसरं घेतलं, तेही. देठ राहतच नव्हता, पातं गाजराला लागून जात होतं. भाऊजींनी हळू चालवलं, जोरात चालवलं, एका बाजूने उचलून तिरकी करून बघितली. काही फरक पडला नाही. देवाजी काकांनी ती गाजरं बैलांपुढे टाकली. बाया एकेक करून आपापल्या ढिगापाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मीही त्यांच्यात जाऊन बसले आणि विळा हातात घेतला.

भाऊजींनी हार मानली नाही. पट्टी थोडी मागे सरकवू म्हणाले. पण तुम्ही पट्टी अशी पक्की केली होती की ती अंगाचाच भाग झाली होती! एका बाजूचा वेल्डिंगचा टाका कापला तोच गरमीने सांगाडा पिळला गेला आणि रोल एकमेकांपासून फाकले. आता पाला पकडतच नाही. भाऊजींनी महिनाभर खटपट केली. रोलचा ताण तुम्ही कसा ठेवायचे, कोणती बाजू आधी आवळायचे, त्यांना माहीत नाही. मला माहीत नाही. अंगणालाच काय ते माहीत होतं, आणि ते मी सारवून ठेवलं आहे.

शेवटी मीच भंगारवाल्याला निरोप दिला. येताजाता लोक बघतात आणि च्‌ च्‌ करतात, ते मला सोसवेना. तुम्ही चुकलात असं त्यांनी म्हटलं नाही तरी मला ऐकू येत होतं. आणि खरं सांगते, माझंही तसंच मत झालं होतं.

आज दुपारी म्हटलं, जायचीच आहे तर स्वच्छ होऊन जाऊ दे. रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. पट्टी आणि पात्यामधली फट पुसली आणि सवयीने बोट आत घातलं. गेलं नाही. जोर केला तरी गेलं नाही. मला वाटलं, सांगाड्याबरोबर फटही पिळली असेल. म्हणून उजव्या हाताचं बोट घातलं, ज्याला विळा लागत नाही ते. ते बरोबर बसलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बसलं होतं, अगदी तसंच.

अजी, कळलं का तुम्हाला? तुमची फट बरोबर होती. बोट चुकीचं होतं. सगळ्या बाया एक बोट देठ ठेवतात तो सुजलेल्या बोटाने ठेवतात. आणि तुम्ही माप घेतलंत ते घरी बसवून, जपून, बरं केलेल्या बोटाचं. रोलच्या ओढीने गाजराचं डोकं थोडं फटीत शिरतं, आणि या बारीक मापात तेवढी जागा उरत नाही. मला गाजराला हात लावू दिला असतात तर मशीन चालली असती!

मी तिथेच जमिनीवर बसले. मग भाऊजींना बोलावून दोन्ही बोटं दाखवली. त्यांनी वाकून फटीवरून आपलं बोट फिरवलं. मग म्हणाले, "दादाची मशीन बराबर होती, वैनी. मापच चुकलं."

मी विचारलं, दुसरी बनवता येईल का? त्यांनी मान हलवली. जोडकाम येतं म्हणाले, पण दादाचं डोकं नाही. आणि बनवून नेणार कुठे? देवाजी काका पुढच्या साली गाजर लावणार नाहीत. नदीकाठची रेती ट्रॅक्टरवाल्यांनी उपसून नेली, खाली चिकट माती उरली आहे, तिच्यात गाजराला फाटे फुटतात. ते आता तिथे धान लावणार आहेत. आम्ही बाया दुसऱ्या गावात काम शोधू, मिळालं तर.

म्हणजे चूक सापडली, आणि तिचा आता कुणालाच उपयोग नाही. गावात सांगत फिरले तर नवऱ्याच्या मागे बाईचं डोकं फिरलं म्हणतील. सांगण्यासारखे एकटे तुम्हीच होतात. तुम्ही ऐकलं असतंत तर आधी कपाळावर हात मारला असतात, मग हसला असतात, आणि मग कोळसा घेऊन अंगणात बसला असतात. मी आज अंगण बघून आले. सारवलेलं, कोरं आहे.

मशीन वाचवते असं वचन मी देत नाही. उद्या भंगारवाला गॅसकटरने तिचे तुकडे करेल आणि मी घरात बसून राहीन. बोट जपेन असंही म्हणत नाही, ते आता व्हायचं नाही. पुढचा जन्म असतो की नाही मला ठाऊक नाही, आणि असला तरी तुम्ही मलाच शोधत याल याचा भरवसा काय? पण वचन द्यायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून एवढंच देते. आलात, आणि पुन्हा माझं बोट मागितलंत, तर आधी हिवाळाभर गाजरं कापून येईन आणि मगच ते पुढे करीन. चिरलं तर चिरू दे, पिकलं तर पिकू दे. तुम्ही कितीही रागावलात तरी घरी बसणार नाही.

तुमचीच,
मंदा