पायाखाली नसलेला ब्रेक

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, डॉक्टरांनी माझी गाडी बंद केली. गाडी ठणठणीत आहे, नादुरुस्त मी निघालो. वीस वर्षं लोकांना मोटार शिकवून रक्तदाब माळ्यावर चढून बसलाय. महिन्याभरात तो उतरला नाही तर शिकवायला लागणारा तब्येतीचा दाखला देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शिकाऊ माणसांवर ओरडतो तेवढं पुरे, येता-जाता सगळ्या रस्त्यावर ओरडायचं नाही, म्हणून कामावर बसने जायचं. दाखला गेला तर मी करू काय, ताई? मला दुसरं काही येत नाही. हिचं म्हणणं, गप्प बसायला शिकावं.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया उतरू देऊ नकोस, रक्तदाब तेवढा उतरू दे.

तुझा,
भोंगा


९ मार्च

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

काळजी वाटली आणि हसूही आलं. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून तू त्यांनाच कुठे वळायचं ते सांगायचास. मीठ कमी खा. बसमध्ये तोंड मिटून बस आणि चालकाच्या पाठीमागची जागा घेऊ नकोस. मी तुला ओळखून आहे.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळेपर्यंत मी चार दिवस चालकाच्या पाठीमागेच बसलो होतो. आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो, हे तुला ठाऊक आहे. दवाखान्याच्या वळणावर समोर कुणी आलं की माझा पाय आपसूक खाली जातो. बसमध्ये तिथे ब्रेक नसतो, शेजारच्या ग्रंथपालबाईंचा पाय असतो. तीन दिवस त्यांनी सोसलं. चौथ्या दिवशी त्या नवऱ्याचे कारखान्यातले जाड बूट घालून आल्या.

आणि बस चालवतं कोण, तर आमची खड्डेबाई! माझ्या हाताखाली चार वेळा नापास झालेली, रस्त्यातला एकही खड्डा न चुकवणारी. हिने हातगाडीसुद्धा ढकलू नये, असं मी तिला चारचौघांत म्हणालो होतो. तिने मला आरशातून ओळखलं. सांगायला लाज वाटते, पण ती झकास चालवते. एक चूक सापडेल तर शपथ. त्यामुळे रक्तदाब आणखी चढलाय आणि दिवस वीसच उरलेत.

तुझा घाबरलेला,
भोंगा


१९ मार्च

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

बसमध्ये एखादं मागे तोंड असलेलं बाक असेलच. त्यावर बस. मागे पडलेल्या रस्त्याला कुणी शिकवू शकत नाही. आणि त्या पोरीची माफी माग. बाईंच्या पायाचीही माग.

तुझी,
ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते बाक होतं. तिथे बसून मी दुकानं, झाडं, माणसं लांब जाताना बघत राहिलो. ग्रंथपालबाई समोर बसून रोज एक गोष्ट वाचायला देऊ लागल्या. खड्डेबाईची माफी मागितली, तेव्हा तिने नुसती मान हलवली. एके दिवशी तर मी चक्क घोरलो म्हणे.

काल डॉक्टरांनी दोनदा मोजलं. रक्तदाब उतरलाय. दाखला मिळाला, गाडीही मोकळी झाली. मी लहान पोरासारखा रडलो, हे भावोजींना सांगू नकोस.

आज सकाळी दाखला खिशात घालून ऐटीत गाडी काढली. दवाखान्याच्या वळणावर रस्ता रिकामा होता, तरी सवयीने पाय खाली गेला. या वेळी खाली खराच ब्रेक होता. गाडी गचकन थांबली ती नेमकी बसथांब्यावर, आणि मागे बस करकचून उभी राहिली. मी ओरडायला खिडकीबाहेर डोकं काढलं, पण खड्डेबाईचं डोकं आधीच बाहेर आलं होतं. चढलेल्या आवाजात नाही, अगदी शांतपणे ती म्हणाली, मास्तर, थांबायच्या आधी आरशात बघायचं असतं.

हे वाक्य मी तिला चाळीस वेळा तरी ऐकवलं असेल, पण इतक्या शांतपणे एकदाही नाही. मी गाडी कडेला लावली, कुलूप घातलं आणि बसमध्ये माझ्या बाकावर जाऊन बसलो. ग्रंथपालबाईंनी पुस्तक पुढे केलं, आणि पाय मात्र आखडून घेतले.

माया आहे तशी राहो. गाडी अजून तिथेच उभी आहे.

तुझा,
भोंगा