हेडक्लार्कचं बिऱ्हाड

४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हेडक्लार्क तुझ्याकडे सुखरूप पोचला आणि पोचल्या पोचल्या तुझ्यावर गुरगुरला, हे कळलं. मनाला लावून घेऊ नकोस. तो सगळ्यांवरच गुरगुरतो. एका डोळ्यानं माणसाकडे असं बघतो, की जणू खिडकी बंद झाली, आता उद्या या. म्हणून तर आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात त्याचं हे नाव पडलं.

इथल्या छपराचं काम चालू आहे तोवर त्याला ठेवून घे, तेवढ्यात मी त्याला कायमचं घर शोधते. पिल्लं आणि झुबकेदार शेपट्यांची कुत्री लोक हसत घेऊन जातात. म्हातारा, एकडोळा, तुसडा कुत्रा कुणाच्या गळ्यात मारायचा? दोन घरांनी त्याला नेलं आणि परत आणून सोडलं. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून बसला होता, खायलाही उठेना. तसं पुन्हा झालेलं मला बघवणार नाही.

तुझ्या गावातून दोघांनी त्याच्याबद्दल विचारलंय, एक शिक्षिका आणि एक बेकरीवाले. जन्मभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासल्यास, आता ही घरं तपास. एकच अट आहे. त्याचे मागचे खुबे झिजलेत आणि डॉक्टरांनी जिना बंद केलाय. तुझ्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर तो चार दिवसांचा पाहुणा म्हणून चालवून घेतलं. खाली नेताना वॉचमनला उचलायला सांग, तू उचलू नकोस.

मामीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा या एकडोळ्यालाही दे.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझा पाहुणा माझ्या बाल्कनीतल्या खुर्चीत बसतो. मी काल अर्धं वर्तमानपत्र उभ्यानं वाचलं. पान उलटताना आवाज झाला तर डोळा वटारतो. तीस वर्षं नोकरी केली, पण इतका कडक वरिष्ठ मला मिळाला नव्हता.

शिक्षिकाबाईंचं घर पाहिलं. बाई चांगल्या आहेत, पण फरशी आरशासारखी गुळगुळीत. मीच दारात घसरलो, त्या खुब्यांचं काय होणार? नापास. बेकरीवाल्यांचं घर तळमजल्यावर, मागे अंगण, सगळं ठीक. पण माणूस फार मोठ्यानं हसतो. इतक्या गंभीर स्वभावाच्या कुत्र्याला ते सोसणार नाही, म्हणून तेही नापास.

वॉचमन त्याला व्यवस्थित उचलून नेतो, काळजी नसावी. मात्र तुझी मामी घरभर पडलेल्या केसांवरून दिवसभर धुसफुसते, तेव्हा पुढचं घर लवकर शोध. घाई मला नाही, तिला आहे.

तुझ्या खोड्या चालू राहोत आणि पत्रंही येत राहोत.

तुझा,
मामा

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांच्या नकळत टाकतेय, तेव्हा उत्तरात चोंबडेपणा करू नकोस.

वॉचमनचं सगळं खोटं. तो एकदाच आला, हेडक्लार्कनं दात दाखवले, तो पळाला. तेव्हापासून हेच त्याला चादरीच्या झोळीत घालून छातीशी धरतात आणि तीन मजले उतरतात, चढतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ. वर आले की धापा टाकत मला सांगतात, जिना चढला की तब्येत ठणठणीत राहते. मग ठणठणीत माणसाच्या कमरेला मलम मी चोळते.

केसांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. तो माझ्या पायांवर हनुवटी टेकून झोपतो, तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांना बरं वाटतं. ह्यांना घरात कुत्रा नको असेल म्हणून मी गप्प बसले होते. आता तुझ्या फोनवरून कळलं की हे माझ्या नावावर खपवताहेत.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्यात, घरमालकांनी परवाच विचारलं. गुडघे बिघडल्यापासून अकरा वर्षं मी खाली जाऊ म्हणतेय. दरवेळी ह्यांचं एकच, खाली वारा नाही, येणारा-जाणारा खिडकीतून डोकावतो. मी सांगणं सोडून दिलंय. भाजीला आठवड्यातून एकदा उतरते, बाकीचं जग बाल्कनीतून बघते. आता तीही खुर्ची हेडक्लार्कची.

आणि बेकरीवाल्यांना मी चांगली ओळखते. ते अगदी हळू हसतात.

वरचेवर आठवण काढत जा.

तुझी,
मामी

१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हसण्यावरून माणूस नापास! बरं झालं माझं लग्न जमवायला तू बसला नव्हतास, मी अजून बिनलग्नाची राहिले असते.

आता एक रोपवाटिकेवाले आहेत, तुझ्या गावाच्या टोकाला. एकटे राहतात, कमी बोलतात, हसतात की नाही ते माहीत नाही. घर बैठं, पायरी नाही, भोवती मऊ माती. त्यांचं घर बघून ये. पास झालं तर ते त्यानंतरच्या रविवारी हेडक्लार्कला न्यायला येतील. बेकरीवाल्यांनी तुझी वाट बघून दुसरीकडून कुत्रा आणला, म्हणून या वेळी उगाच खुसपट काढू नकोस.

तुला तो ठेवून घ्यायचा असेल तर सरळ सांग. पण मी नाही म्हणेन, हेही आधीच सांगते. परक्याला जी अट, तीच मामाला. या कुत्र्यानं दोन घरं गमावलीत, तिसरं मी भिडेखातर देणार नाही. एकदा तुझंच घर तपासणीसाच्या नजरेनं बघ आणि मला कळव.

रागावलास तरी पत्र लिही, रागाचंही चालेल.

तुझी,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रोपवाटिकेवाल्यांकडे जाऊन आलो. हेडक्लार्कला टॅक्सीनं सोबत नेलं होतं. दोष शोधण्यात सकाळ घालवली, एक सापडला नाही. पायरी नाही, फरशी खरखरीत, कुंपण पक्कं. माणूस सभ्य. त्यांच्यावर तो एकदाच गुरगुरला, तेही रीत म्हणून, आणि मग रोपांच्या सावलीत मातीवर पसरला. घर पास. नोकरीत कधी खोटा शेरा मारला नाही, आता या वयात कसा मारू?

तू म्हणालीस म्हणून माझंही घर तपासलं. जिना अरुंद आणि उचलणारा माणूस म्हातारा. होय, उचलतो मीच, वॉचमन नव्हे. परवा दुसऱ्या मजल्यावर माझा पाय सरकला, झोळीसकट कठड्यावर आदळलो. हे मामीला कळवू नकोस. झोळी सुटली असती तर, हाच विचार तेव्हापासून डोक्यात आहे. घर नापास.

मला तो हवाय, भिंगरे. सकाळी डोळा उघडला की तो माझ्याकडे बघत असतो, नाराजीनं का होईना. पण माझ्या हौसेपायी त्याची हाडं मोडायची नाहीत. रविवारी त्यांना येऊ दे. मी त्या वेळी बाहेर जाईन म्हणतो.

लोभ कमी करू नकोस, सध्या जरा जास्तच लागेल.

तुझा,
मामा

४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझे मामा मला न सांगता घरमालकांकडे गेले आणि तळमजल्याची किल्ली घेऊन आले. घरमालकांना कारण काय सांगितलं, तर मंडळींचे गुडघे दुखतात! अकरा वर्षांत माझे गुडघे ह्यांच्या तोंडी पहिल्यांदा आले.

रविवारी रोपवाटिकेवाले आले, तेव्हा आमचं कपाट जिन्यात अडकलं होतं आणि हेडक्लार्क खालच्या खोलीत गादीच्या वळकटीवर बसून कुणाला आत येऊ देत नव्हता. तुझे मामा त्यांना काय सांगावं म्हणून नुसते उभे. त्या भल्या माणसानं ह्यांचं आणि हेडक्लार्कचं तोंड पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि कपाटाला हात लावला. जाताना विचारून गेले, निवाऱ्यात तिपाई नावाची तीन पायांची कुत्री आहे म्हणतात, तिला घर मिळालंय का? तुला फोन करतील. त्यांचं घर तुझ्या मामांनी पास केलेलंच आहे.

सामान लागल्यावर मी ह्यांना सरळ विचारलं. मी एवढी वर्षं सांगत होते तेव्हा उतरला नाहीत आणि कुत्र्यासाठी महिन्याभरात उतरलात? मला खरंच राग आला होता, रडूही आलं. ह्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाले, झोळी घेऊन एकेक पायरी चढताना मला कळलं, तू एवढी वर्षं काय चढत होतीस. मी तुझ्या पुढे चढून जायचो, मला दिसलंच नाही.

आता एवढ्यावर माझा राग गेला असं समजू नकोस, थोडा राखून ठेवलाय. खाली वारा खरंच कमी आहे आणि येणारा-जाणारा खिडकीतून डोकावतो. हेडक्लार्क प्रत्येकाला उद्या या म्हणून परत पाठवतो. हे नव्या खिडकीशी उभ्यानं वर्तमानपत्र वाचतात.

तू घर तपासायला ये आणि काय तो शेरा मार. दाराला कुलूप असलं तर कोपऱ्यापर्यंत चालत ये, मी तिथेच कुठेतरी असेन. आज सकाळपासून चौथ्यांदा बाहेर जाऊन आले. काम काहीच नव्हतं.

तुझी,
मामी