अर्धा मणका

माय, आज नागपूरला जाऊन पुन्हा पाठीचा फोटो काढला. सळ्या, स्क्रू सगळं जागच्या जागी आहे. फोटो काढणारी पोरगी म्हणाली, "मावशी, तुम्ही तर काठीवानी सरळ आहा." तू ऐकायला हवी होतीस.

माझी पाठ सगळ्यांत आधी तू ओळखलीस, तीही भाताच्या रोवण्याच्या चिखलात. सावली गावाजवळच्या बांधीत बायांची रांग वाकलेली, तू भाताच्या रोपांची, पऱ्ह्याची पेंढी घेऊन मागून आलीस आणि थबकलीस. "पोरी, तुही पाठ एकीकडून उंच काऊन दिसून राह्यली?" कारणही तूच ठरवलंस. मी लहानपणापासून पाण्याची गुंडी डाव्या कमरेवर आणायची, म्हणून हाड वाकलं. मग वर्षभर गुंडी उजव्या कमरेवर घ्यायला लावलंस, पाठ परत येईल म्हणून. ती कसली येते! उलट मला धाप लागायला लागली, तेव्हा नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी मला पुढे वाकायला सांगितलं, तर तू ठसक्यात म्हणतेस, "हे त मी बांधीतच पाह्यलं, साहेब."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, पाय जाऊही शकतात. कागदावर तुझा अंगठा हवा होता. मी चौदा वर्षांची, भेदरलेली. मी तुला म्हणाले, "तुह्याच गुंडीनं झालं हे." अंगठा उमटवलास आणि शाई लुगड्याला पुसलीस. मी शुद्धीवर आले तर तू पायथ्याशी उभी. "हालव ना व पोरी, बोटं हालव." मी हलवली. माझे पाय धरून तू किती रडलीस!

पुढे तू मला गुंडीला हात लावू दिला नाहीस. तलावातल्या मासोळीचं मुंडकं नेहमी माझ्या ताटात. भाऊ कुरकुरला की म्हणायचीस, "माह्यानं तिची पाठ वाकडी झाली, बापू." मरेपर्यंत हेच म्हणालीस.

टाके काढले त्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी डॉक्टरांना गुंडीचं विचारलं. ते हसले. एक मणका जन्मापासूनच अर्धा घडलेला होता, ओझ्यानं असं होत नाही, म्हणाले. "आईला सांग, तिच्या जिवाला लागलंय." मी मान डोलावली. तू वर आलीस आणि मी सांगितलं नाही. आधी लाड आवडत होते म्हणून, मग इतके दिवस लपवल्याची लाज वाटली म्हणून.

हे कुठे धाडायचं नाही, ठाऊक आहे. तरी लिहिते. माय, तुह्यानं काही झालं नव्हतं.