सिगडीला वास नाही

२ जानेवारी, शुक्रवार
आजपासून हीटर बंद, सिगडी सुरू. हीटरने हवा कोरडी होते. किला गेटजवळच्या टालवरून, म्हणजे लाकूड-कोळशाच्या वखारीतून, दगडी कोळसा आणला. टालवाला म्हणाला, "बाबूजी, घर में जलाना है तो लकड़ी का लो." त्याला काय कळतंय? दगडी जास्त टिकतो. गॅलरीचं दार उघडं ठेवून पेटवली. थंडी पळाली. दार उघडं असल्यामुळे थोडी परत आली.

३ जानेवारी
बायको, सीमंतिनी, म्हणते, सडक्या अंड्यांचा वास येतो. आपल्या घरात कधी अंडं आलं नाही, मग तुला तो वास कसा ठाऊक, असं मी विचारलं. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हणजे मुद्दा पटला.

५ जानेवारी
सोळा तारखेला हिचं संक्रांतीचं हळदीकुंकू. या फ्लॅटमधलं पहिलंच. आम्ही आधी राहायचो त्या खासगी बाजारातल्या जुन्या शेजारणी येणार म्हणून ही आतापासून हवेत. चंदेरी साडीही काढून ठेवली. अट एकच: तोवर वास जायला हवा, नाहीतर सिगडी घराबाहेर. चॅलेंज घेतलं. प्लॅन तयार आहे.

७ जानेवारी
संत्र्याची सालं निखाऱ्यांवर टाकली. ही खोकत म्हणाली की आता संत्रीही सडल्यासारखी वाटतात. प्रगती आहे.

९ जानेवारी
यूट्यूबवर एक जण सांगतो की व्हिनेगर वास शोषून घेतं. घरभर वाट्या ठेवल्या. एक वाटी मी पाणी समजून प्यायलो. मग दिवसभर बोलता आलं नाही. ही खूश दिसली. व्हिनेगरचा असाही उपयोग आहे तर.

११ जानेवारी
धूर कुठे जातो, याचा गॅलरीत उभं राहून अभ्यास केला. समोरच्या लीलाताईंकडे जातो. त्यांनी वाळत घातलेले कपडे ओलेच आत घेतले. घाई असेल. अभ्यासात मला सर्दी झाली.

१३ जानेवारी
विजय. वास पूर्ण गेला. निखाऱ्यांवर वाकून खात्री केली. नाक गच्च चोंदलंय, पण त्याचा इथे काय संबंध? सीमंतिनीला सांगितलं. तिने चंदेरी साडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. आनंदाने आवराआवर सुरू केली असेल.

१६ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ
हळदीकुंकू दणक्यात. बायकांना ऊब मिळावी म्हणून ही आत तयार होत असताना सिगडी हॉलमध्ये आणली. शिवाय गुलाबदाणी निखाऱ्यांवर रिकामी केली. भरपूर वाफ झाली. बायकांनी हळदीकुंकू, तिळगूळ, वाण सगळं दारातच घेतलं आणि निघाल्या. बसलं कुणीच नाही. हल्ली सगळ्या फार बिझी असतात. वास येतो का, हे मी प्रत्येकीला स्वतः विचारलं. एकीचीही तक्रार नाही. लीलाताई तर नाकाला पदर लावून म्हणाल्या, "भाऊ, घर फार उबदार आहे हो." सर्टिफिकेटच मिळालं.

१८ जानेवारी
सर्दी गेली. सकाळी आधी चहाचा वास आला, मग बाकीचा. पडद्यांना, उशीला, हिच्या चंदेरीला. हिला विचारलं, त्या दिवशी बायका खरंच बिझी होत्या का. म्हणाली, "हातावर तिळगूळ ठेवल्यावर कोण कडू बोलणार? सगळ्या गोड बोलल्या आणि गेल्या." मग वाणाच्या उरलेल्या वाट्या आवरत म्हणाली, "मी गाणी म्हणायची ठरवली होती." मला फार वाईट वाटलं.

१९ जानेवारी
सिगडी टालवाल्याला देऊन आलो.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी
हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. हिने सगळ्यांना पुन्हा बोलावलंय, पण लीलाताईंच्या घरी. मला खुर्च्या पोचवायला सांगितलं. म्हणजे माफी मिळाली. धुतलेला स्वेटर घालून उत्साहाने गेलो. आत शिरणार एवढ्यात ही दारात आडवी आली आणि हळूच म्हणाली, "खुर्च्या इथेच ठेवा. धुतला तरी स्वेटरला वास आहे. आज बायकांना बसू दे."

खाली जिन्यात बसलोय. हीटर नाही, सिगडी नाही. वर गाणी सुरू झाली आहेत. अजून कुणी उठलेलं नाही.