न फोडलेला कॉलम

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचा! खोली लहान, पण खिडकी ऐसपैस. घरमालकाने दिलेली उशी विटेसारखी आहे, म्हणजे माझ्या ओळखीचीच. सहासष्टाव्या वर्षी नवी नोकरी. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्हाला आत्ता कुठे मिसरूड फुटतंय.

काम मात्र मोठं. भूकंप आला तर देशभरातल्या सिमेंटच्या राहत्या इमारतींपैकी किती उभ्या राहतील, याचा अंदाज काढायचाय. सगळ्या कोण बघणार? म्हणून शितावरून भाताची परीक्षा. गावोगाव थोड्या निवडायच्या. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गवंडीकामानं शिकवलं. आमची इंजिनिअर माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, काका, तळमजल्यावरचा एक कॉलम हातभर फोडायचा, उभ्या सळ्यांना बांधलेल्या आडव्या रिंगा किती अंतरावर आहेत ते मोजायचं, लिहायचं आणि परत बुजवायचं. पोरीला मी काय सांगणार? रिंगा म्हणजे कॉलमचा कमरपट्टा. तो नसला की हादऱ्याला सळ्या फाकतात आणि वरचे मजले खाली बसतात.

बुधवार, ५

आजची इमारत चार मजली. कॉलम नेमका तळमजल्यावरच्या बाईच्या बैठकीत. छिन्नी काढली तशी ती आडवीच आली. आठवड्यापूर्वी तिने स्वतः पिस्ता रंग दिलेला. नवऱ्याने काय केलं? तर शिडी धरली आणि चुका काढल्या. नवरा आतून ओरडला, की शिडी धरायलाही अक्कल लागते. हसून पुरेवाट झाली. मग रंगवाली म्हणाली, बाबा, एवढा एक सोडा की हो.

सोडला. चहा प्यायलो. कॉलमवर थाप मारली, भरीव वाटला. चाळीस वर्षं मुरलेला हात, तो कशाला फसेल? फॉर्मवर लिहिलं : फोडून पाहिला, रिंगा सहा इंचांवर.

मंगळवार, ११

इंजिनिअरने सगळ्यांसमोर माझा फॉर्म वाचून दाखवला. असं नेटकं काम हवं, म्हणाली. मग सहज सांगितलं, की ती इमारत नमुना धरलीय. देशातल्या तशाच अकरा हजार इमारती तिच्या भरवशावर सुरक्षित ठरल्या. आता त्यांना कोणी मजबूत करायला जाणार नाही.

टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने भिकेला लावलं ते दुसऱ्यांना. तिथेच बोलायला हवं होतं.

शुक्रवार, १४

नदीपलीकडची इमारत. कॉलमला गुडघ्याच्या उंचीवर तिरकी भेग, टोकाला दोन फाटे. सतरा इंच. दुपारी दुसऱ्याच गल्लीत तशीच भेग. सतराच इंच. भिंती पांढऱ्या, पण भेगेच्या आत पिस्ता रंग. ओला. बोटाला लागला तो साबणाने जात नाही.

सोमवार, १७

चार इमारती, चार भेगा. शेवटच्या घरातले आजोबा माझ्यावरच खेकसले, की पाच तारखेला दुपारी आपोआप पडलीय, आम्ही काय नखांनी कोरली?

पाच तारीख. दुपार. मी चहा पीत होतो.

मंगळवार, १८

इतर गावांहून फोन. सगळीकडे तीच भेग. इंजिनिअर हसून म्हणाली, काका, इमारतींनी कॉपी केलीय. पण हसू ओठांवरच होतं. सुरक्षित इमारतींची यादी परवा कायम होणार.

सांगणारच होतो. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, पुन्हा काका म्हणाली — आणि मी शब्द गिळले. जनाची नाही तर मनाची तरी —

बुधवार, १९

माझ्या खोलीतला कॉलम पलंगामागे आहे. पलंग सरकवला.

सतरा इंच.

गुरुवार, २०, सकाळी

रंगवालीकडे आलो. तिचा कॉलम गुळगुळीत, ओरखडाही नाही. तिला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. ती एवढंच म्हणाली, की मी अडाण्यासारखं नको म्हटलं, पण बाबा, तुम्हाला कळत होतं ना? — आणि माझ्याच पिशवीतली छिन्नी काढून माझ्या हातात दिली.

फोडला. रिंग नाही. एकही नाही. आतून कोरडी वाळू — तळहात लावला तरी थांबेना —

रंगवाली जिन्यात ओरडतेय, सगळ्यांना बाहेर काढतेय.

त्याच दिवशी, रस्त्यापलीकडून

फोनवर इंजिनिअरला खरं सांगितलं. रागावली नाही. त्याचंच जास्त लागलं. तिच्या मागे सगळे फोन एकदम वाजायला लागले. मग म्हणाली, काका, आत्ता सगळीकडचे कॉलम फुटलेत — हातभर — छिन्नीने फोडल्यासारखे. वाळू येतेय.

इथली चोवीस माणसं बाहेर आली. दोनदा मोजली.

इमारत कलतेय — हळूहळू —

माझ्या हातून ही एकच रिकामी झाली. बाकीच्या अकरा हजारांत माणसं अजून आत अस