दहापैकी चार

रेसिफे, मार्चअखेर

प्रिय जुसारा,

“प्रोफेसोरा, खुर्च्या गोल मांडल्या म्हणून काय झालं? तुम्ही बसता तिकडेच फळा असतो.” तू हे म्हणालीस त्याला अकरा वर्षं झाली. सगळा वर्ग हसला, मीही हसले. वाल्डेमिर म्हणाला, “घ्या! आता फळाच गोल करा!” मी त्याहून मोठ्यानं हसले. पण मला ते फार लागलं होतं. विद्यार्थी आणि शिक्षक बरोबरीनं शिकतात, यावर मी भाषणं देत हिंडत होते, आणि तू खाजणातल्या चिखलाचे पाय घेऊन येऊन मला बरोबर पकडलंस.

सत्र संपताना आपण आपले गुण आपणच ठरवायचो, आठवतं ना? ज्यानं त्यानं वर्तुळात आकडा सांगायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, मग मी तो लिहायचा. वाल्डेमिरनं बेधडक दहा घेतले. “आई असती तर तिनं नऊच दिले असते, पण ती कुठं इथं आहे!” कुणी नऊ, कुणी साडेनऊ. तू म्हणालीस, “चार.” ओहोटीच्या वेळी आईबरोबर चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायला जावं लागायचं, म्हणून निम्मे तास तुझे बुडाले होते. “जेवढं टोपलीत आलं तेवढंच सांगायचं, प्रोफेसोरा. चिखल धरून वजन करायचं नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वर्गात सगळ्यात खोल विचार तुझा होता, हे मला माहीत होतं. तुझी शिष्यवृत्ती टिकायला सात लागतात, हेही माहीत होतं. वर्तुळात मलाही बोलायचा हक्क होता. “जुसारा, तू चुकतेयस” एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “विद्यार्थ्याचा शब्द अंतिम,” आणि चार लिहिले.

लोकांना मी पुढं सांगत राहिले की तो तुझ्या प्रामाणिकपणाचा मान होता. खोटं आहे ते. पेन हातात घेतलं तेव्हा मला तो फळा आठवला होता. मी तुझ्यावर सूड उगवला, आणि तोही तुझ्याच हातून. शिष्यवृत्ती गेली, आणि ऑगस्टमध्ये नव्या सत्रात तुझी खुर्ची रिकामी दिसली तेव्हा मी ती उचलून भिंतीशी ठेवली आणि वर्तुळ थोडं आवळून घेतलं. याची लाज मला त्या आकड्याहूनही जास्त वाटते.

परवा एक मुलगी नाव काढून घ्यायचा अर्ज घेऊन माझ्या खोलीत आली. भुवया तुझ्याच. “मी लेनीरा. ताई म्हणते, जिथं आपला आकडा आपल्यालाच सांगायला लावतात, तिथं बसू नकोस.” मी तिला सोमवारी यायला सांगितलं. हा विषय यंदा मी एकटीच शिकवते. तो सुटला तर तिचं वर्ष जाईल. सोमवारी ती येईल आणि मी अर्जावर सही करीन, अडवणार नाही. तू नाहीच म्हणशील, आणि ते बरोबरच असेल. तरी मागते, जुसारा: तिला माझ्या वर्गात राहू दे.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
ग्लौसिया