ग्रिलबाहेरची कुसुम

१८ जून २००२, मंगळ.
सेक्रेटरी गोडबोल्यांनी जिन्यात पाटी लावली. 'सामाईक जागेत मडकी टांगू नयेत. कारण विचारू नये.' मडकी म्हणे. एकच आहे, आणि त्यात माझी लेक आहे. याच गोडबोल्यांना कुसुम रोज सकाळी ड्यूटीला जाता जाता इन्सुलिन टोचून जायची. तेव्हा जिना सामाईक नव्हता वाटतं.
गुरुजी म्हणतात अस्थी घरात आणायच्या नाहीत. गॅलरी चालेल का विचारलं. वर छप्पर आहे म्हणजे घरच, म्हणाले. शेवटी ग्रिलच्या बाहेरच्या अंगाने टांगलं. ना गुरुजींची हद्द, ना गोडबोल्यांची.
तिचा मुलगा निखिल अमेरिकेत. पोचला नाही. अग्नी माझ्या दिराच्या सुरेशने दिला. नि. फोनवर रडला, म्हणाला मी येईपर्यंत अस्थी ठेव. ठेवल्या.

२३ जून, रवि.
सकाळी नि.चा फोन. व्हिसाचा शिक्का संपलाय, बाहेर पडला तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. कंपनीत रोज कुणाला तरी सामानाचं खोकं हातात देऊन कायमचं घरी पाठवतात. महिनाभर थांब म्हणाला. थांबते. मडक्याला कसली घाई.

४ जुलै
पाऊस. मडक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायला गेले आणि तोंडातून निघून गेलं, "कुसुम, पिशवी घालते गं."
हे वंदनाचं वळण मला लागलं. वं. यवतमाळची, कु.ची नर्सिंगची विद्यार्थिनी, माझ्याकडे राहते. कु. गेली त्या दिवशी हिनेच तिला आंघोळ घातली. दर वेळी आधी सांगायची. मॅडम, कूस वळवते हं. मॅडम, हात उचलते. मी म्हटलं, गेली ती, सांगतेस कुणाला?
"काहून आजी? मॅडमनीच शिकवलं ना. पेशंट गेला तरी न सांगता हात लावायचा नाही."
म्हणजे वर्गात हे शिकवायची. घरी आल्यावर बोलायला जीव नसायचा. चहा ठेवायचा, समोर बसायचं, एवढंच.

२८ जुलै, रवि.
नि. म्हणाला पुढच्या महिन्यात नक्की.
काल कॉलेजात कु.च्या फोटोला हार. प्रिन्सिपॉलबाई त्यागमूर्ती म्हणाल्या. मूर्तीचे पाय सुजत नाहीत. हिचे सुजायचे. नवरा गेला तेव्हा नि. रांगत होता. रात्रपाळी मागून घ्यायची, म्हणजे दिवसा पोरगा डोळ्यांसमोर. झोपतेस कधी, विचारलं तर म्हणायची, स्वारगेटच्या बसमध्ये. पुढे शिकवायला लागली तरी सवय तीच, बसली की डोळा लागायचा. पोरगा कॉम्प्युटर शिकायचा म्हणाला, शिकवलं. अमेरिकेला जायचं म्हणाला, जा म्हणाली. विमानतळावरून आली ती तडक वर्गावर.
हे कुणी बोललं नाही. मला बोला म्हणाले. मी पाणी मागितलं.

१८ ऑगस्ट, रवि.
नि. आज भांडला. आजारी होती तर मला का नाही कळवलंस. काय सांगू. रिपोर्ट तिने स्वतःच वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला बजावलं, आई, निखिलला कळता कामा नये, तिथलं सोडून धावत येईल.
धावत येईल, म्हणाली होती.

२२ सप्टें., रवि.
परवा गणपती गेले, आज पितृपक्ष लागला. सुरेश गाडी घेऊन आला. काकू, चला, संगमावर अस्थी सोडून येऊ. म्हटलं, नि. येतोय.
"काकू, तो येत नाहीये."
त्याला पोहे दिले. पोटभर खाऊन गेला. नि.चा फोन आला नाही.

६ ऑक्टो., रवि. सर्वपित्री
ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनासुद्धा आज पान वाढतात. हिचं अजून विसर्जनच नाही. मडक्याचा दोर कुजलाय. वं.ने नवा बांधला, आधी सांगून.
फोन आला. "आजी, प्रॅक्टिकली बघ ना. यंदा जमेलसं वाटत नाही. तू आणि सुरेशमामा मिळून उरकून घ्या."
उरकून. भांडी उरकतात. मी म्हटलं, बरं. आणि ठेवला. बोलले असते तर शिवी गेली असती, आणि तिचा पोरगा आहे तो.
गोडबोले वर आले होते. अहो आजी, अजून किती दिवस? मी म्हटलं, तुमच्या पाटीवर काय लिहिलंय? कारण विचारू नये. गेले.
संध्याकाळी वं.ला सांगून ठेवलंय, विसरेल म्हणून इथे लिहिते. रविवारी फोन वाजला की मी उठणार नाही. वंदना, तू उचलायचा. वायर गॅलरीपर्यंत पुरते. ग्रिलमधून हात बाहेर काढायचा, आधी सांगायचं, मॅडम, फोन कानाला लावते हं. मग रिसीव्हर मडक्याला धरायचा. काय उरकायचं ते तुझ्या आईला सांग, एवढंच त्याला म्हणायचं. त्यानंतर मधे कुणी बोलायचं नाही, तूही नाही, मीही नाही. तिच्या शांततेला उत्तर निखिलनेच द्यायचं.